बाहेरची भिंत, आतली भिंत

सभा दहाची होती आणि अध्यक्षबाई अजून अंघोळीतून बाहेर आल्या नव्हत्या.

कमलाबाईंनी पोर्चवरच्या खुर्चीतून दोनदा आत डोकावून पाहिलं आणि नाद सोडून दिला. नात अनिका चोवीस वर्षांची झाली, तिकडे दूर उत्तरेला बॉथेलच्या लॅबमध्ये पेशी वाढवते, पण नळाखाली उभी राहिली की जग बुडालं तरी तिला पत्ता लागत नाही. घरातल्या सगळ्यात लहान माणसाने सभेचं अध्यक्ष व्हायचं, हा तिच्या आजोबांचा, पंडितरावांचा नियम. ते जाऊन दोन वर्षं झाली होती, नियम मात्र जागच्या जागी होता.

पंडितरावांच्या संसारात हुकूम म्हणून काही सुटला नाही. कुत्रा पाळायचा का, भूषणने गाडी कधीपासून चालवायची, जागृतीने कुठल्या कॉलेजात जायचं, सगळ्यावर ठराव आला, चर्चा झाली आणि हात वर झाले. त्यांचा आणखी एक नियम ऐकून पाहुण्यांना हसू फुटायचं. ज्याचा विरोध असेल त्याने आधी बोलायचं. "हो म्हणणाऱ्याचं कोणीही ऐकतं. नाही म्हणणाऱ्याला आधी खुर्ची द्या," असं ते म्हणायचे, आणि खरोखरच उठून आपली खुर्ची द्यायचे.

आजचा ठराव कुत्र्याचा नव्हता. ज्या घराच्या पोर्चवर त्या बसल्या होत्या, त्या घराचाच होता.

कमलाबाई राहत त्या चँडलरहून तासभर गाडी हाकली की हीला नदीच्या कोरड्या पात्राशी ला नोरिया नावाचं इवलंसं गाव लागतं. त्यातलं हे सगळ्यात जुनं घर. इकडे रेल्वे आली नव्हती, अ‍ॅरिझोनाला राज्य म्हणून कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा सरहद्दीपलीकडच्या सोनोराहून वेलार्दे नावाचं कुटुंब येऊन इथे टेकलं. नदीकाठची माती आणि गव्हाचं काड एकत्र तुडवून त्यांनी विटा पाडल्या, उन्हात वाळवल्या आणि दोन हात जाडीच्या भिंती उभ्या केल्या. अशा घराला इकडे अडोबी म्हणतात. पंडितराव कालव्यांवर इंजिनियर होते तेव्हा हे त्यांच्या नजरेस पडलं, आणि दुसऱ्या कोणालाच नको होतं म्हणून त्यांना मिळालं. तेव्हापासून अ‍ॅरिझोनातल्या आंबेडकरी मंडळींची चौदा एप्रिलची जयंती इथेच व्हायची. पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता आणि एका कपाटात मावतील तेवढी पुस्तकं होती.

गेल्या ऑगस्टच्या वादळानंतर उत्तरेची भिंत पोट काढून उभी राहिली. गावाच्या जुन्या वास्तूंच्या समितीने स्पष्ट सांगितलं होतं. जयंतीच्या आत दुरुस्ती झाली तर उत्तम, नाहीतर घर धोक्याचं ठरवून पाडायला मोकळीक. शेजारच्या शेतात आरव्ही पार्क, म्हणजे घरगाड्यांचा तळ, काढणारी कंपनी तर जिभल्या चाटत बसलीच होती. आणि दुरुस्तीची रीतही समितीने ठरवून दिली होती. पंडितरावांनी भिंतींना बाहेरून चढवलेलं सिमेंट सगळं उतरवायचं आणि पूर्वीसारखं मातीने लिंपायचं.

मार्चचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं होतं. भाड्याची गाडी फाटकातून आत आली आणि तिच्यातून त्यांचा मुलगा भूषण, म्हणजे अनिकाचा बाप, उतरला. त्याचं पूर्ण नाव बुद्धभूषण, पण प्लेनोच्या ऑफिसात तो बी. बी. आणि घरात भूषण. मागोमाग त्याची बायको ज्ञानदा हातात मिठाईचा डबा घेऊन उतरली. "जय भीम, आई," म्हणून ती सरळ पोर्चवर आली. भूषण मात्र आईकडे यायच्या आधी वळसा घालून उत्तरेच्या भिंतीशी गेला, आणि आजाऱ्याच्या पाठीवर ठेवावा तसा त्याने सिमेंटवर हात ठेवला. कमलाबाईंनी ते पाहिलं. पोराचं मत काय पडणार हे त्यांना तेव्हाच कळून चुकलं.

"आई, तू इथे एकटी ड्राइव्ह करून आलीस?" त्याने येऊन विचारलं.

"मग काय पालखीतून यायला पाहिजे होतं?"

"जागृती कुठेय?"

"आत तर्री पोहे करते आहे. तुला लाच द्यायचा बेत आहे तिचा."

जागृती भूषणहून चार वर्षांनी लहान. चँडलरच्या चिप कारखान्यात इंजिनियर. घर ठेवायचं म्हणून गेले सहा महिने ती समितीच्या दारात पडून होती. तिने भावासमोर पोह्यांची बशी ठेवली, वर तर्री ओतली आणि चमचा पुसून दिला. लहानपणापासून भांडण व्हायच्या आधी दोघं एकमेकांशी फार सभ्यपणे वागायची.

शेवटी ओल्या केसांनी अनिका आली, बुद्धमूर्तीसमोरच्या चटईवर बसली आणि चमच्याने पेला वाजवला.

"ओके. मोशन असं आहे. हे घर ठेवायचं आणि कमिटीच्या पद्धतीने रिपेअर करायचं. ज्यांचा विरोध आहे, प्लीज गो फर्स्ट."

भूषणने हात वर केला. जागृतीने उठून त्याला खुर्ची दिली. नियम म्हणजे नियम.

"मी लांबड लावत नाही," भूषण म्हणाला. "ते सिमेंट मी कालवलंय. चौदा वर्षांचा होतो. माझे फ्रेंड्स समर कॅम्पला गेले आणि मी इथे, एकशे दहा डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात, बाबांबरोबर घमेली उचलत होतो. बाबा म्हणाले, भूषण, आपल्या किती पिढ्या मातीत राहिल्या, हे घर आपण पक्कं करून टाकू. अख्ख्या आयुष्यात त्यांनी मला बरोबरीने काम दिलं ते तेव्हा. आणि आता कमिटी म्हणते, सिमेंट हाच प्रॉब्लेम आहे. म्हणजे काय? तीस वर्षं कालवे बांधलेला माणूस एका भिंतीच्या बाबतीत चुकला? मला ते प्रूव्ह करायला हातात हातोडा घ्यायचा नाही. विकून टाकू. पाडायचं तर ते पाडतील. मी बघायला नसेन."

"दादा," जागृती म्हणाली, "तू बाबांची चूक वाचवायला बाबांचं घर पाडतो आहेस."

"जागृती, तुझा नंबर नंतर," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि मग जीभ चावून, "सॉरी. आत्या."

"मला फक्त एवढंच म्हणायचं होतं. बाकी सगळं तुम्हाला पाठ आहे."

ज्ञानदाने नवऱ्याकडे न बघता हात वर केला. "मी जागृतीच्या बाजूने. भूषण, असा बघू नकोस. लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा या देशात मला कुत्रं ओळखत नव्हतं. तुम्हा घरच्यांखेरीज पहिलं मराठी माणूस मी या खोलीत पाहिलं. अनिकाचं नाव या खोलीत ठेवलं. तुझं तुझ्या बाबांशी जे काही असेल ते असेल, माझंही या घराशी आहे."

भूषणला हे अपेक्षित नव्हतं. प्लेनोहून फिनिक्सपर्यंतच्या विमानात बायको शेजारीच बसली होती आणि सबंध वेळ तिने शब्दकोडं सोडवलं होतं. तो खुर्चीत जरा मागे सरकला.

आता सगळ्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं, पण ते नुसतं उपचारापुरतं. आई घर ठेवा म्हणणार यात कोणाला शंका नव्हती. जागृती तर तोवर मनात मतं मोजून मोकळीही झाली होती.

"माझाही विरोध आहे," कमलाबाई म्हणाल्या.



"आई?" जागृती उठून उभी राहिली.

"सिमेंट उतरवलं की माती लिंपावी लागेल. दरवर्षी लिंपावी लागेल. मी मातीत हात घालणार नाही. एकदा सुटले ते सुटले. विकून टाका."

"पण तुला कोण लिंपायला सांगतंय? आम्ही करू, माणसं लावू."

"माझ्या डोळ्यांदेखत तुझ्याही हाताने नको."

"आजी, रीझन सांगावं लागेल," अनिका हलकेच म्हणाली. "रूल आहे."

"सांगितलं की. नको आहे."

कारण याहून मोठं होतं, आणि ते त्यांनी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. ते पंडितराव आता भिंतीवर फोटोत होते. पन्नास वर्षं परदेशात राहून, फार्मसीच्या काउंटरमागे उभ्या राहून अर्ध्या चँडलरला औषधं देऊन, ही एक गोष्ट पोरांसमोर काढणं त्यांच्या जिवावर येत होतं.

अनिकाने मतं घेतली. ठरावाच्या बाजूने दोन हात वर आले. विरोधात भूषण, कमलाबाई, आणि अध्यक्षबाईंनी क्षणभर घुटमळून स्वतःचाही हात वर केला.

"सॉरी आत्या. आय लव्ह धिस हाऊस. पण आजीला नको असेल तर मी तिला फोर्स नाही करणार."

हरलेल्या माणसाने रडावं किंवा उठून जावं. जागृतीने यातलं काही केलं नाही. बापाची खरी वारस तीच होती. तिने पोह्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "पॉइंट ऑफ ऑर्डर. बघितल्याशिवाय मत नाही. कुत्र्याच्या वेळी बाबांनी सगळ्यांना शेल्टरमध्ये नेलं होतं. आधी बघा, मग हात वर करा, असं म्हणाले होते. इथे सिमेंटच्या आत काय आहे, कोणी बघितलंय?"

भूषण म्हणाला, "धिस इज अ ट्रिक, यार."

"असेल. रूल आहे का नाही?"

सगळ्यांनी अनिकाकडे पाहिलं. पोरीने ओल्या केसांचा बुचडा बांधला, विचार केला आणि पेला वाजवला. "रूल आहे. व्होट होल्डवर. चला बाहेर."

बाहेर आयरीन वेलार्दे आधीच येऊन ठेपल्या होत्या, टेकायला काठी आणि गाडीच्या डिकीत छन्नी-हातोडा. जागृतीने त्यांना कधी बोलावून ठेवलं होतं ते तिचं तिला माहीत. आयरीनबाई गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि समितीच्या प्रमुख. त्यांची पणजी याच घराच्या मागच्या खोलीत जन्मली. कमलाबाईंशी त्यांचा घरोबा होता, पण तो सणावारापुरता. नाताळात इकडून करंज्या जायच्या, तिकडून मक्याच्या पानात उकडलेले तमालेस यायचे, आणि दोघी एकमेकींना अजून मिसेस म्हणायच्या.

"कोणी तरी दोन तुकडे काढा," आयरीनबाई म्हणाल्या. "खाली जोत्याशी एक आणि वर खांद्याच्या उंचीवर एक."

त्यांनी छन्नी-हातोडा पुढे केला, पण तो घ्यायला कोणी पुढे होईना. जागृतीला जोर करायचा नव्हता, ज्ञानदाला नवऱ्याला दुखवायचं नव्हतं. शेवटी भूषणच पुढे झाला.

"द्या इकडे. मी लावलंय, तर फोडतोही मीच. निदान नीट फोडेन."

त्याने छन्नी लावली आणि घाव घातला. दुसऱ्या घावाला सिमेंटचा ताटाएवढा तुकडा तारेच्या जाळीसकट सुटून आला. आतून कोंदट, कुजका वास आला. भूषणने बोट लावलं तर ते पेरभर आत गेलं. भिंत भिजलेल्या गुळासारखी झाली होती.

तो ते बोट बघत उकिडवा बसला.

"खालून ओल चढते," आयरीनबाई म्हणाल्या. "माती असती तर वाऱ्याने सुकली असती. सिमेंटने ती आत कोंडून धरली. तुमच्या वडिलांना दोष देऊ नका. त्या काळात शहाण्यासुरत्या सगळ्यांनी हेच केलं. माझ्या वडिलांनी गावच्या चर्चला हौसेने लावलं. ते चर्च आता नाही."

"बाबा चुकले," भूषण मराठीत म्हणाला. तो कोणाशी बोलत नव्हता. ज्ञानदा त्याच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वरचा तुकडा राहिला," जागृतीने आठवण केली, पण आता तिचाही आवाज मऊ झाला होता.

वरचं सिमेंट सहज सुटलं. तिथे ओल पोचली नव्हती. आत जुन्या मातीचा गिलावा होता, कोरडा खडखडीत, आणि त्या गिलाव्यावर बोटांच्या रेघा होत्या. चार बोटांची एक ओळ डावीकडून उजवीकडे अर्धगोलात फिरलेली, तिच्याखाली तशीच दुसरी, तिच्याखाली तिसरी.

कमलाबाई पोर्चच्या पायरीवर लांब उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या चालत भिंतीपाशी आल्या. आपली चार बोटं त्यांनी त्या रेघांवर धरली, न टेकवता.

"हे बाईमाणसाचं लिंपण आहे," त्या म्हणाल्या. मग इंग्रजीत विचारलं, "कोणी केलं हे?"

"आमच्यातल्या बायकांनी," आयरीनबाई म्हणाल्या. "भिंत पुरुष रचायचे, लिंपायचं काम बायकांचं. आमच्याकडे त्यांना वेगळं नावच आहे, एनहारादोरास. ही माझ्या पणजीच्या आईची बोटं असणार, नाहीतर तिच्या बहिणींची."

"बाहेरूनच लिंपायच्या का आतूनही?"

आयरीनबाईंना प्रश्नाचा रोख कळला नाही. "दोन्हीकडून," त्या म्हणाल्या. "घर त्यांचंच होतं ना."

कमलाबाई तिथेच, फुटलेल्या सिमेंटच्या ढिगावर बसल्या. अनिका धावत आली. "आजी, आर यू ओके?"

"ठीक आहे मी. बस इथे. सगळे बसा. मघाशी कारण विचारत होतीस ना, आता सांगते."

आणि सांगायला लागल्या तेव्हा पन्नास वर्षांत घासून गुळगुळीत झालेली त्यांची भाषा बाजूला पडून उमरेडकडची जुनी बोली वर आली.

"आमच्या गावच्या पाटलाचं घर मातीचं होतं. दसऱ्याच्या आधी ते लिंपायला आमच्या वस्तीच्या बायका बोलवायचे. माझी माय जायची, मी तिच्या मागं मातीत कालवायचं कुटार घेऊन. बाहेरची भिंत सगळी आम्ही लिंपायचो. आतली त्यांच्या घरच्या बायका. आमचा पाय उंबऱ्याच्या आत जायला नको ना. काम झालं की हात धुवायला पाणी मागायचं, तर त्यांची बाई वरून ओतायची, लांबून, तिच्या तांब्याला आमचा हात लागू नये म्हणून. मग मागच्या वाटेनं घरी. धम्म घेतला तरी पोट होतं, ते काम लगेच सुटलं नाही. एका वर्षी मायने भिंत लिंपली, इतकी सुरेख लिंपली, आणि मी विचारलं, माय, आतून कशी दिसते गं? ती म्हणे, काय माहीत बाई. काहून विचारतेस?"

अनिका आजीला आणखी टेकून बसली.

"पुढच्या वर्षी बापाने सगळ्यांना नागपूरला आणलं आणि गिरणीत लागला. मी ठरवलं, मातीला परत हात लावायचा नाही. तुझ्या बाबांना लग्नाच्या आधी हे सांगितलं होतं. भूषण, तू म्हणतोस पिढ्यांसाठी घर पक्कं केलं. तसं असेलही. पण सिमेंट लावून झालं त्या संध्याकाळी ते मला इथे घेऊन आले आणि म्हणाले, कमल, आता या घरात तुला कधी लिंपावं लागणार नाही. माझ्यासाठी लावलं होतं रे ते त्यांनी."

भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. वडिलांनी घमेलं हातात दिलं, एवढ्याच आठवणीवर तो इतकी वर्षं जगला होता. त्या घमेल्यात आईसुद्धा होती हे त्याला आज कळत होतं.

"मग, आई, हे फोडायचं कसं?" त्याने विचारलं.

"हाताने. त्यांनी दिलं, मी घेतलं. पुरेपूर घेतलं. इतकी वर्षं या घरात नुसती राणीसारखी बसले. पण आता भिंत आत कुजायला लागली तर ते दिलेलं आहे म्हणून धरून ठेवू का? तुझे बाबा असते तर त्यांनीच पहिला ठराव मांडला असता आणि स्वतःच्या विरोधात आधी स्वतःच बोलले असते."

ज्ञानदाला हसू आलं. मग जागृतीला. कमलाबाईंनी गुडघ्यावर हात टेकला आणि त्या उठल्या.

"अध्यक्षबाई, मत परत घ्या. आणि माझी एक उपसूचना आहे. लिंपायला माणसं लावायची नाहीत. ही भिंत मी लिंपणार. बाहेरून आणि आतून."

अनिकाकडे पेला नव्हता, तिने छन्नी हातोड्यावर वाजवली. "ऑल इन फेवर?"

जागृतीचा हात आधीच वर होता. ज्ञानदाचा गेला, कमलाबाईंचा गेला, आणि भूषणने हातोड्यासकट हात वर केला. आयरीनबाईंना मराठीतलं काही कळलं नव्हतं, पण शाळा चालवलेल्या बाईला हात कशासाठी वर होतात हे कळतं. त्यांनीही काठी वर केली.

"मिसेस वेलार्दे, तुम्हाला व्होट नाहीये," अनिका म्हणाली.

"माझी पणजी इथे जन्मली."

अध्यक्षबाईंनी पळभर विचार केला आणि स्वतःचाही हात वर केला. "ओके. सहा विरुद्ध शून्य. मोशन पास्ड."

त्यानंतर ला नोरियात जे काही चाललं ते त्या गावाने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. भूषण परत गेलाच नाही. सकाळी पोर्चवर लॅपटॉप उघडून तो प्लेनोच्या मीटिंगा करायचा, कॅमेऱ्यापुरता इस्त्रीचा शर्ट आणि खाली मातीने बरबटलेली हाफपँट. मीटिंग संपली की सिमेंट फोडायला हजर. भिंतीला टेकू देऊन त्याने जोत्याच्या कुजलेल्या विटा एकेक करून काढल्या आणि आयरीनबाईंच्या ओळखीच्या वखारीतून आणलेल्या उन्हात वाळवलेल्या विटा जागेवर बसवल्या. प्रत्येक वीट बसवताना तो तिच्याशी काहीतरी पुटपुटायचा. ज्ञानदा म्हणायची, माझ्याशी एवढं बोलला असतास तर विमानात मला शब्दकोडं सोडवावं लागलं नसतं.

शनिवार-रविवारी चँडलर, मेसा, टेम्पेहून मंडळी यायची. डॉक्टर, प्रोग्रॅमर, विद्यापीठात शिकायला आलेली पोरं. माती तुडवायची तर बूट काढावे लागतात, हे कळल्यावर त्यातल्या काहींचा उत्साह जरा ओसरला, पण कमलाबाईंसमोर मागे हटायची कोणाची छाती नव्हती. पंच्याहत्तरीची बाई फार्मसीत गोळ्या मोजायची त्याच करड्या नजरेने चिखल बघायची. पाणी जास्त झालं की परत कालवा. कुटार कमी पडलं की परत कालवा. एका पीएचडीवाल्या पोराने इंटरनेटवरून प्रमाण काढून आणलं, तर त्या म्हणाल्या, "छान आहे. आता हातात गोळा घेऊन बघ, तो काय म्हणतो ते."

पहिल्या दिवशी स्वतः चिखलात हात घालताना मात्र त्या थांबल्या होत्या. जागृती शेजारी होती. तिने बाह्या सरसावून आपले हात आधी घातले. मग कमलाबाईंनी घातले. माती थंड होती. एवढंच. इतकी वर्षं जिला भ्याले ती माती नुसती थंड होती, याचं त्यांना हसू आलं, आणि पाठोपाठ मायची इतकी आठवण आली की त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि लिंपायला घेतलं. चार बोटं, डावीकडून उजवीकडे. हात विसरला नव्हता.

एका बाजूने कमलाबाई आणि दुसऱ्या बाजूने आयरीनबाई, काठी भिंतीला टेकवून. दोघींच्या रेघा भिंतीच्या मध्यावर भेटल्या त्या दिवशी त्या मिसेसवरून कमला आणि आयरीनवर आल्या.

तपासणी जयंतीच्या आदल्या दिवशी होती. आयरीनबाई या घराच्याच ठरल्या, त्यांनी तपासणं बरं दिसेना, म्हणून समितीने दुसऱ्या गावचा इन्स्पेक्टर पाठवला. मोजकं बोलणारा उंच माणूस. त्याने भिंतीला ओळंबा लावला. जोत्याशी ओल मोजायच्या यंत्राच्या सुया टोचल्या, एकदा, मग पुढे सरकून परत एकदा. भूषण त्याच्या मागे मागे फिरत होता. अनिका खास बॉथेलहून आली होती. तिने आत्याचा हात इतका घट्ट धरला होता की जागृतीची बोटं पांढरी पडली.

इन्स्पेक्टरने यंत्र खिशात टाकलं.

"कोरडी आहे," तो म्हणाला. "टेकू काढून टाका. हे घर आपल्या सगळ्यांहून जास्त टिकेल."

मग त्याने चष्मा कपाळावर सरकवून मातीवरच्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, हे काम कोणत्या कॉन्ट्रॅक्टरचं? नंबर मिळेल का?

"नंबर देते," कमलाबाई म्हणाल्या. "पण आम्ही फक्त स्वतःच्या घराचं काम घेतो."

तो गेला आणि अंगणात गलका झाला. जागृती भावाच्या गळ्यात पडली. लहानपणी कुत्रा घरात आला तेव्हा पडली होती, त्यानंतर आत्ताच. पोरांनी निळे झेंडे काढून पोर्चच्या खांबांना बांधायला घेतले. ज्ञानदाने उद्याच्या पाहुण्यांचा आकडा दुपटीने वाढवून जेवणाचा फोन केला. भूषणने एकेक टेकू काढला आणि शेवटचा काढल्यावर भिंतीकडे बघत उभा राहिला. ती जागची हलली नाही.

कोपऱ्यातली एक हातभर जागा लिंपायची राहिली होती. कमलाबाईंनी ती पुरी केली आणि मागे सरून पाहिलं. कोपरापर्यंत हात मातीने भरले होते.

"आई, ये, हात धू," म्हणत भूषण पाण्याचा जग घेऊन आला आणि प्रेमाने, आईला वाकावं लागू नये म्हणून, त्याने तो वर धरला.

कमलाबाईंनी नुसतं त्या जगाकडे पाहिलं. भूषणच्या लक्षात आलं. त्याने जग खाली, पायरीवर ठेवला.

"सॉरी आई."

"सॉरी काय त्यात. तू माझा लेक आहेस. पण हात आत्ता धुवायचे नाहीत. काम संपलं नाही."

"बाहेरचं झालं की सगळं."

"बाहेरचं झालं," त्या म्हणाल्या. "घमेलं उचल आणि चल."

त्या वळसा घालून पुढच्या दाराशी आल्या. ज्ञानदाने उद्यासाठी उंबरा धुऊन लख्ख केला होता. कमलाबाई मातीच्या पायांनी, भरल्या हातांनी तो ओलांडून आत गेल्या, उत्तरेच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आतून पहिला हात फिरवला.